पाण्याची ओळ

देवास गेटजवळच्या एका बियाणं-औषधांच्या दुकानात बाकरे मॅडमचा फोटो लावला आहे. चंदनाच्या भुशाचा हार, वर लाल बल्ब, आणि फोटोच्या बरोबर खाली काचेच्या कपाटात हिरव्या झाकणांच्या बाटल्या. बाटलीवर डाळिंब, झेंडू, त्रिशूळ यांची चित्रं आणि ठळक अक्षरांत पिकांची नावं: लसूण, हरभरा, कांदा, सोयाबीन, मिरची. सर्व प्रकारच्या बुरशीवर. फोटोत मॅडम हसताहेत. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नाही. कुठल्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून काढलेला दिसतो, कारण खांद्यावर दुसऱ्याच कुणाची तरी बोटं राहून गेली आहेत.

मी दुकानदाराला म्हणाले, "सेठजी, फोटो उतारिए।"

"क्यों बिटिया? श्रद्धा है हमारी।"

"ज़िंदा थीं तब तो सड़क पर खड़ी होकर आपको चोर कहती थीं।"

"बड़ों की गाली तो आशीर्वाद होती है," सेठजी म्हणाला आणि गिऱ्हाइकाला बाटली गुंडाळून देऊ लागला.

या माणसाला शिवी दिली तरी तो तिचा हार करून गळ्यात घालतो. म्हणून मी लिहायला बसले आहे. फोटोतली बाई कोण होती ते सेठजीकडून ऐकण्यापेक्षा लोकांनी माझ्याकडून ऐकावं.

बाकरे मॅडम कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. वनस्पतींचे रोग हा त्यांचा विषय. त्यांचं घराणं दोन-अडीचशे वर्षांपूर्वी शिंद्यांच्या दप्तरात कारकुनी करायला इकडे माळव्यात आलं, असं आमच्या मराठी मंडळातले लोक कौतुकानं सांगत. मॅडम म्हणत, "कारकुनांनी येऊन काय केलं? दुसऱ्याच्या शेताचा हिशेब. पिकाला कधी हात लावला का?" मंडळात त्यांना हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं होतं. एकदा वाण म्हणून दिलेल्या कुंडीतलं रोप त्यांनी तिथल्या तिथे उपटून, मुळं सगळ्यांना दाखवून, "हे मेलेलं आहे, अजून याला कळलेलं नाही," असं सांगितलं होतं.

उंच, हडकुळ्या, सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली. बोटांची टोकं कायम काळपट पिवळी. तो रंग हिरड्याचा होता, पण लोकांना वाटे बाई विड्या ओढतात. त्यांनी तो समज कधी दूर केला नाही. "वाटू दे. बसमध्ये शेजारी कोणी बसत नाही."

आमच्या घरी मी पुस्तकांच्या आधी पत्रकं वाचली. बाबा बँकेच्या युनियनमध्ये. स्वयंपाकघरातल्या डब्यांखाली अंथरलेले कागद म्हणजे संपाच्या हाका. त्यामुळे मोठी झाल्यावर मी आणि माझ्या मित्रमैत्रिणींनी विषारी शेती-औषधांविरुद्ध एक मंडळ काढलं, तेव्हा पहिली गोष्ट केली ती पर्चा छापण्याची. मंदिरांतल्या निर्माल्यापासून बुरशीनाशक कसं करायचं, असा पर्चा. आम्ही तो बस स्टँडवर वाटत होतो. या बाई आल्या, उभ्याउभ्या वाचला, आणि मला विचारलं, "कोणती बुरशी?"

"म्हणजे?"

"कोणत्या बुरशीवर चालतं हे?"

"सगळ्याच," मी म्हणाले.

"सगळ्या मारल्यास तर सकाळी जिलबीचं पीठ कशानं फुगेल?" त्यांनी पर्चा माझ्या हातात परत ठेवला. "आणि हा झेंडू. झेंडूच्या शेतात काय काय फवारतात, बघितलंस? तेच देवाच्या पायावरून तुझ्या बादलीत येतं. विष तेच आहे, फक्त दर्शन घेऊन आलंय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, तुम्ही कंपन्यांच्या बाजूच्या आहात. त्या म्हणाल्या, "मी कोणाच्याच बाजूची नाही. निसर्ग तुझा मामा लागतो का? धोतराही निसर्गच देतो." मग पत्ता विचारायच्या ऐवजी स्वतःचा पत्ता सांगितला. "फ्रीगंजला ये. ए पर्चेवाली, रिकाम्या हातानं येऊ नकोस. ठेल्यावरून डाळिंबाच्या साली आण. कुजक्या नको."

तेव्हापासून माझं नाव पर्चेवाली.

त्यांच्या घरी पाहुणे पाणीसुद्धा पीत नसत. फ्रिजच्या वरच्या खणात दही आणि खालच्या खणात झाकलेल्या काचेच्या बशा, त्यांत करड्या, गुलाबी, काळ्या बुरश्या वाढवलेल्या. "फ्रिजमधलं काही विचारल्याशिवाय खायचं नाही," त्या म्हणत. "आणि विचारल्यावरही खायचं नाही." एका बशीत बुरशीच्या मध्यभागी सालीच्या काढ्यात बुडवलेली कागदाची टिकली, आणि तिच्याभोवती स्वच्छ मोकळं वर्तुळ, जिथे बुरशी यायला धजली नव्हती. मी ते पाहून म्हणाले, मॅडम, याचा फोटो पर्च्यावर टाकू या. त्यांनी बशी माझ्या हातातून काढून घेतली. "बशीत सगळंच चालतं. बशीत पाऊस पडतो का? बशीत दव पडतं का?"

काढा दोन फेकून देण्याच्या गोष्टींचा होता. रसवाल्यांकडच्या डाळिंबाच्या साली, आणि भैरवगढच्या कापड-छापखान्यांतला हिरड्याचा चोथा. तिथले छिपे कापड छापण्याआधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे रंग धरतो. कापड पिवळं होऊन निघतं आणि खाली उरलेला चोथा नालीत जातो. याकूबभाईंच्या अंगणातला चोथा मॅडम पोत्यात भरून आणत. याकूबभाई सुरुवातीला हसायचे. नंतर त्यांनी आपणहून अंगणात मोठ्या भांड्यात काढा उकळून ठेवला. मॅडम गेल्या, झाकण काढलं, आत शाईसारखं काळंकुट्ट.

"लोखंडाच्या कढईत केलंत?"

"हाँ मैडमजी, बड़ी कढ़ाई वही है।"

"तो अब इससे चिट्ठी लिखिए। खेत में नहीं जाएगा।" आणि सगळी कढई त्यांनी स्वतः उलटी केली. तुरट वस्तू लोखंडाला लागली की काळी होते, हे छिप्यांना कोण सांगणार, ते तर काळा रंग तसाच करतात. याकूबभाईंना ते ठाऊक होतं, फक्त शेतालाही फरक पडतो असं वाटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी याकूबभाईंनी स्टीलचं पातेलं आणलं, मॅडमसमोर आपटलं आणि म्हणाले, "लो। बेटी के दहेज का था।"

शेत बनेसिंहचं होतं, उन्हेलच्या रस्त्यावर. लसणाचं. मॅडमची पद्धत अशी, की ओळींना भैरवगढच्या वाया गेलेल्या कापडाच्या चिंध्या बांधायच्या. लाल चिंधी म्हणजे काढा. निळी म्हणजे दुकानातलं औषध. पांढरी म्हणजे नुसतं पाणी. पाण्याच्या ओळीला काहीच द्यायचं नाही, रोग आला तर येऊ द्यायचा, कारण शेजारी न वाचलेली ओळ असल्याशिवाय वाचलेल्या ओळीला कशानं वाचवलं ते कळत नाही. "पाण्याची ओळ नसेल तर बाकी सगळी कीर्तनं," त्या म्हणत.

त्या थंडीत लसूण असा उभा राहिला की येणारे-जाणारे गाड्या थांबवून बघत. आमच्या मंडळानं हॉल घेतला. पर्चा छापला: विष हारा, छिलका जीता. याकूबभाईंच्या मोहल्ल्यात भट्ट्या लावायच्या, घराघरातून काढा करायचा, असं सगळं ठरत आलं होतं. आणि सेठजीही आला, शाल-श्रीफळ घेऊन. त्याला काढा बाटलीत भरून विकायचा होता. मॅडमचं नाव आणि सही बाटलीवर हवी होती. आम्हाला सेठजी नको होता, पण विजय हवा होता. आणि विजय दारात आला होता.

कार्यक्रमाच्या सकाळी मॅडम मला घेऊन शेतावर गेल्या. पांढऱ्या चिंधीच्या ओळीत वाकल्या, एका पातीचा बुडखा तोडला, जिभेला लावला. मग दुसरा. मग मला म्हणाल्या, "चाट."

तुरट होतं. जीभ आकसली.

"बनेसिंह," मॅडमनी हाक मारली, "पानी वाली में किसने डाला?"

बनेसिंह चाचरला. उत्तर त्याच्या आईनं दिलं. सगळं गाव तिला जीजी म्हणायचं. ती बांधावर बसून भाजी निवडत होती आणि तिनं मानही वर केली नाही. "मैंने डाला। हर बार डाला।"

"क्यों?"

"पंगत बैठी हो, और एक पाँत को पत्तल दो, दूसरी को दो, तीसरी को पानी पिलाके उठा दो? हमारे यहाँ नहीं होता, मैडम। आपके यहाँ होता होगा।"

मॅडम ओळीत उभ्या राहिल्या, हात कमरेवर ठेवून. मग म्हणाल्या, "जीजी, आपने पूरा साल मिट्टी कर दिया।"

"लहसुन तो खड़ी है।"

"किसने खड़ी की? मेरी दवा ने कि सूखी ठंड ने? अब कौन बताएगा?"

"भगवान बताएगा," जीजी म्हणाली आणि भाजीची देठं बांधापलीकडे फेकली.

गाडीत मी मॅडमना समजावत होते. त्या वर्षी मावठा, म्हणजे थंडीतला पाऊस, पडला नव्हता हे खरं, पण निळ्या ओळीएवढीच आपली ओळ उभी आहे, हेही खरंच ना? हॉल भरलेला असेल. याकूबभाईंचा मोहल्ला येईल. आज बोलू नका, पुढच्या वर्षी नीट करून बोला. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. मला वाटलं, ऐकलं.

हॉलमध्ये शाल घातली, नारळ दिला, सेठजीनं भाषणात त्यांना माळव्याची अन्नपूर्णा म्हटलं. मग मॅडम माइकपाशी गेल्या आणि नारळ टेबलावर ठेवला.

"ये जो जीत है, ये हुई नहीं है," त्या म्हणाल्या. "इस साल बीमारी आई ही नहीं। पानी वाली लाइन में भी दवा पड़ गई। मेरे पास बताने को कुछ नहीं है। अगली ठंड में बादल बैठें तो लहसुन को इस काढ़े के भरोसे मत छोड़ना, मर जाएगी। और ये सेठजी बोतल बेचें तो मत लेना। ये काढ़ा चार दिन में सड़ता है। जो बोतल में सड़े नहीं, वो ये नहीं है, कुछ और है।"

मग शाल घडी करून सेठजीच्या मांडीवर ठेवली. "आपकी।"

हॉलमध्ये जे झालं ते सांगण्यासारखं नाही. आमच्यातल्या एकानं मॅडमना विकल्या गेल्या असं म्हटलं. याकूबभाई दारात त्यांच्या वाटेत उभे राहिले. "मैडमजी, कढ़ाई उलट दी थी, मैंने सह लिया। आज तो चूल्हा उलट दिया आपने।" "हाँ," मॅडम एवढंच म्हणाल्या आणि वळसा घालून गेल्या.

मी त्यांच्या मागे रस्त्यावर आले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. ते लोक रोज खोटं बोलून जमिनी जाळतात, आणि तुम्हाला सोवळं सुचतंय. एक दिवस, फक्त एक दिवस तुम्ही आमच्या बाजूनं उभ्या राहू शकत नव्हतात?

"तुझ्या बाजूला उभी राहून मी काय सांगू? जे मला माहीत नाही ते?"

"त्यांना तरी कुठे माहीत असतं!"

"मग त्यांचंच दुकान चालव ना. सेठजीला पर्चे लिहिणारी हवीच आहे."

मी बरेच महिने त्यांच्याकडे गेले नाही. आजही मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी गप्प राहायला हवं होतं. त्या हॉलमध्ये जमलेली माणसं परत कधी एका छताखाली जमली नाहीत. खरं बोलायलाही वेळ असते, हे मला बाबांनी शिकवलं आहे, आणि मॅडमनी ते कधी शिकून घेतलं नाही. मंडळ फुटलं. सेठजीनं बाटली काढलीच, वेगळ्या नावानं.

पुढच्या थंडीत बनेसिंहनंच मला बोलावलं. "दीदी, आकर देखो। मेरे खेत में युद्ध चल रहा है।"

लसणाच्या शेतात, पांढऱ्या चिंधीच्या ओळीच्या टोकाला, मॅडम घडीच्या स्टुलावर बसल्या होत्या. खोकत होत्या, डोक्याला मफलर. ओळीच्या दुसऱ्या टोकाला जीजी, खाटेवर. दोघींच्या मध्ये उपाशी ओळ. मॅडम रोज सकाळच्या बसनं यायच्या आणि शेवटच्या बसनं जायच्या, म्हणजे जीजीला त्या ओळीला काही घालता येऊ नये.

"आती है, बैठती है, मेरी पाँत को मरते देखती है," जीजी मला म्हणाली. "डायन है तेरी मैडम।"

"ऐकू येतंय मला," मॅडम मराठीत म्हणाल्या.

"क्या बोली?"

"बोली कि आपकी चाय अच्छी है।"

"झूठी," जीजी म्हणाली, आणि सुनेला मॅडमसाठी चहा आणायला पाठवलं.

या वेळी मावठा आला. आभाळ बसलं, बारीक पाऊस, धुकं. आधी पाण्याच्या ओळीवर जांभळे डाग उमटले, पाती कडेनं पिवळ्या पडून वाकल्या. जीजीनं तिकडे पाठ फिरवली. मग काही दिवसांनी लाल चिंधीच्या ओळीवरही तेच डाग. काढा हरला होता. मॅडमनी दोन्ही ओळींतली पानं समोरासमोर ठेवून पाहिली आणि बनेसिंहला म्हणाल्या, "दुकान से लाओ और आज ही बाकी खेत बचाओ। नीली लाइन वाली दवा।" ज्या सेठजीला रस्त्यावर चोर म्हणत, त्याच्याच दुकानात त्यांनी शेतकऱ्याला पाठवलं.

काढा खरा ठरला होता तो मी जात नव्हते त्या पावसाळ्यात, मॅडमनी इथेच केलेल्या मिरचीच्या रोपवाटिकेत. तिथे पाण्याच्या ओळीतली रोपं बुडाशी सडून आडवी झाली होती, आणि मातीत काढा ओतलेली रोपं उभी होती. आणि हरभरा, ज्याचं बी पेरण्याआधी काढ्यात भिजवलं होतं, तोही अजून ठीक होता.

त्या आठवड्यात मॅडम आमच्या घरी आल्या. प्रथमच. बाबांनी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. "ए पर्चेवाली. पर्चा लिही."

मला वाटलं चेष्टा आहे.

"सेठजी माझ्या नावानं बाटली काढेल. मी असेपर्यंत नाही काढणार. नंतर काढेल." त्या खोकल्या. "तेव्हा लोकांकडे काहीतरी असू दे. काढा कसा करायचा ते सगळं. फुकट. पण वर हे नाही टाकायचं. वर टाक: यह दवा कहाँ काम नहीं करती."

असा पर्चा कोणी उचलणार नाही, असं मी म्हणाले. "मग ज्याला उचलायचाय तोच उचलेल," त्या म्हणाल्या. मी विषमुक्त हा शब्द घातला, त्यांनी काढला. क्रांती काढली. धरतीमाता काढली. उरलं ते रेसिपीसारखं कोरडं: साल, चोथा, स्टीलचं भांडं, ताजा वापरा. खाली कुठे चालत नाही त्याची लांब यादी, लसूण सगळ्यात वर. आणि कुठे चालतं, तिथे फक्त दोन ओळी: मिरचीची रोपवाटिका. आणि हरभरा, त्यापुढे मॅडमच्या हट्टानं एक शब्द, आतापर्यंत.

शेवटचं त्यांना पाहिलं ते देवास गेटलाच, बस स्टँडवर. त्या इंदूरला भावाकडे चालल्या होत्या, दवाखान्यात भरती व्हायला. मी छापून आलेला गठ्ठा घेऊन गेले होते. तो त्यांनी उघडून पाहिला, कागद बोटांनी चोळला, "कागद बरा आहे," म्हणाल्या. माझ्या आठवणीत त्यांनी माझं केलेलं हे एवढंच कौतुक.

तेवढ्यात बनेसिंह धावत आला. हातात हरभऱ्याची चार-दोन झाडं, मुळांसकट, वाळत चाललेली. "मैडमजी, जाने से पहले देख लो।"

मॅडमनी एक खोड नखानं उभं चिरलं. आत काळी रेघ होती.

"कौन सी पाँत?"

"लाल चिंधी वाली। पानी वाली भी ऐसी ही है।"

त्यांनी खोड बनेसिंहच्या हातात परत दिलं. मग बसमध्ये चढल्या, खिडकीपाशी बसल्या, गठ्ठा मांडीवर घेतला, पिशवीतून पेन काढलं, आणि हरभऱ्याच्या ओळीवर रेघ मारली. दुसरा पर्चा. रेघ. तिसरा.

समोरच्या दुकानातून सेठजी रस्त्यावर आला होता. खिडकीखाली उभा राहून म्हणाला, "काट दिया मैडम? सारी उमर का काम, अब बचा क्या?"

"मिर्ची," मॅडम मान वर न करता म्हणाल्या. "लगी?"

बनेसिंह हसला. सेठजीही हसला, तो सगळ्यालाच हसतो.

मी खिडकीशी गेले. म्हणाले, मॅडम, राहू द्या, मी घरी बसून सगळ्यांवर मारते रेघा. त्यांनी खोडलेले पर्चे माझ्या हातात दिले आणि बाकीचे स्वतःकडेच ठेवले. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, सगळी बस थरथरायला लागली, आणि त्यांचं पेन तसंच चालू राहिलं. गाडी हलली तेव्हा त्यांनी मान बाहेर काढली.

"पुढच्या पावसाळ्यात मिरचीला परत पाण्याची ओळ ठेव," त्या ओरडल्या. "आणि जीजीला सांगू नकोस कुठली ते."